एक बोट वर करून

"लायसन्स दाखवा, काका," दारावरचा गार्ड म्हणाला, आणि कोटाच्या आतल्या खिशाकडे निघालेला लेमुएल पिकेटचा उजवा हात मध्येच थांबला. त्यानं थांबवला असं नव्हे, हातच थांबला. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. त्याला एकवीस पूर्ण आहेत की नाहीत हे कागदावर बघायचं म्हणजे थट्टाच. गार्ड हसत होता, म्हणजे ती थट्टा त्यालाही कळत होती. पण गणवेशातला माणूस, बंद दार आणि 'दाखवा' हा शब्द एवढं एकत्र आलं की लेमुएलचा हात लेमुएलचा राहत नसे. आधी पंजा उघडायचा, बोटं पसरायची, मग तोंडानं सांगायचं की आता मी पाकीट काढतोय, दुसरं काही नाही, आणि मगच हात हलवायचा, तोही सावकाश. हे त्याला बापानं शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं, तिकडे लुइझियानात. ओकलंडला येऊन जन्म गेला, बस चालवून निवृत्त झाला, नातवंडं कॉलेजात गेली, पण हात तिथंच राहिला. "खिशातून पाकीट काढतो हं," तो म्हणाला. गार्डचं हसू मावळलं. तोही लेमुएलसारखा काळाच होता, दाढीत चार पांढरे केस असलेला. "काढा की काका, निवांत काढा," तो हळूच म्हणाला, आणि त्यानं स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले. लायसन्सकडे त्यानं बघितल्यासारखं केलं, बघितलं नाही. मग दार उघडलं.

आत आणखी एक दार. बाहेरचं बंद झाल्याखेरीज आतलं उघडत नाही, तशी इथली रीत. मधल्या त्या कपाटाएवढ्या जागेत लेमुएल टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याला वाटलं, आता बरा सापडलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तो काही चोरी करायला आला नव्हता. कायद्यानं उघडलेलं दुकान, दिवसाढवळ्याची वेळ, बाहेर टेलिग्राफ रस्त्यावर बसगाड्या चाललेल्या. त्याच रस्त्यावर त्यानं वर्षानुवर्षं बस हाकली होती. या कोपऱ्यावर तेव्हा बुटांचं दुकान होतं आणि थांब्यावर नेहमी दोन म्हाताऱ्या खोकी घेऊन चढायच्या, भाडं द्यायच्या आधी नवे बूट त्याला दाखवायच्या. आता गांजाचं दुकान. आणि या दुकानात बेथेल चर्चचा डीकन, पाद्रीच्या खालोखाल मान असलेला लेमुएल पिकेट काळा सूट, पांढरा सदरा, बारीक ठिपक्यांचा टाय आणि रविवारचे चकचकीत बूट घालून उभा. बुधवार होता. बुधवारी एवढं नटून माणूस एकतर मयताला जातो नाहीतर कोर्टात.

सूट घालायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला जुनं जाकीट चढवायचं होतं, टोपी डोळ्यांवर ओढायची होती, जमलंच तर पलीकडच्या गावातल्या एखाद्या दुकानात जायचं होतं. ओरेथानं हे त्याच्या तोंडावरूनच ओळखलं. "लेमुएल," ती म्हणाली. एरवी ती त्याला लेम म्हणायची. पूर्ण नाव निघालं की समजावं, आता वाद नाही. "आपण काही चोर नाही. सूट घालून जा." चर्चच्या दारावर उभं राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांची ती प्रमुख. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, पाठ अशी ताठ की बघणाऱ्यानं आपोआप सरळ बसावं. उशिरा येणारे लोक पाद्रीला भ्यायचे नाहीत, ओरेथा पिकेटला भ्यायचे. चर्चमागच्या गल्लीत कुणी गांजा ओढल्याचा वास आला तर ती भर प्रार्थनेतून उठून जायची आणि परत यायची तेव्हा गल्ली रिकामी झालेली असायची. त्या बाईनं काल सकाळी स्वयंपाकघरात पुढ्यातली ताटली बोटाच्या टोकानं हळूच लोटली. अंडं होतं, टोस्ट होता, पीचचा मुरंबा होता. "नाही रे जात," ती म्हणाली. "खिळे चघळल्यासारखं लागतं सगळं. तोंडात घातलं की पोट म्हणतं, खबरदार." केमो सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी परवा स्पष्ट सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर औषध थांबवावं लागेल, शरीराला ते पेलणार नाही. औषध लागू पडत होतं, गाठ लहान होत होती, आणि माणूस मात्र भुकेनं संपत चाललं होतं. मग बाहेर व्हरांड्यात नर्सनं त्या दुसऱ्या गोष्टीचा विषय काढला. ओरेथा तेव्हा शाल सारखी करत राहिली. लेमुएलला वाटलं, तिनं ऐकलंच नाही. काल ताटली लोटून ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते जाऊन घेऊन ये." लेमुएलनं विचारलं, "ते म्हणजे काय?" ती म्हणाली, "माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. तुला ठाऊक आहे."

आतलं दार उघडलं आणि वास आला. हा वास त्याच्या ओळखीचा होता, म्हणजे केवढ्या ओळखीचा. थोडा ओल्या गवताचा, थोडा रॉकेलचा, थोडा लिंबाच्या सालीचा. खोली मात्र अगदी अनोळखी. लाकडी फळ्या, मऊ कोच, कुंड्यांतली झाडं, वरून पडणारा पिवळसर उजेड, आणि काचेच्या पेट्यांत हारीनं मांडलेल्या बरण्या. दागिन्यांच्या दुकानात असतं तसं सगळं. लोक हळू आवाजात बोलत होते. लेमुएल दोन पावलं आत आला आणि तेवढंही बोलणं बंद पडलं. काउंटरमागच्या मुलीनं कॉफीचा कप घाईघाईनं खाली ठेवला. दुसऱ्यानं एका उघड्या बरणीचं झाकण लावलं, फडकं घेतलं आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागला. "साहेब, आज तपासणी होती का?" मुलीनं विचारलं. "आम्हाला कुणी कळवलं नाही." लेमुएलला आधी समजेना. समजलं तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सरकारी माणूस वाटला होता तो. घ्या, हात दाखवून अवलक्षण. "नाही, नाही," तो म्हणाला, "मी आपला... गिऱ्हाईक." हा शब्द त्याला स्वतःलाच विचित्र वाटला. मुलीनं सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "मग बसा ना, काका. नंबर आला की बोलावते. काय सूट आहे पण! कुणाचं लग्नबिग्न आहे का?"

तो कोचाच्या कडेला बसला, टोपी गुडघ्यावर. शेजारी दोन गोरी पोरं बसली होती, पायांत चपला, हातात फोन. "मागचा फार झोप आणायचा," एक म्हणाला. "या वेळी जरा हसवणारा घेऊ." दुसरा म्हणाला, "त्या लिंबूवाल्याची चव मस्त आहे, आईलाही आवडला." आईलाही. लेमुएल समोरच्या बरण्यांकडे बघत राहिला. प्रत्येक बरणीत हिरवे गुच्छ, आणि खाली छोटी पाटी, नाव, गुण, भाव. आणि बघता बघता त्याला कर्टिस दिसायला लागला. कर्टिस टोलिव्हर, एका गल्लीतला, एका बाकावरचा, चर्चमध्ये बेस गिटार वाजवणारा. एकवीस वर्षांचे होते दोघं. सॅन पाब्लो रस्त्यावरून चालत येत होते, सरावाहून, कर्टिसच्या खांद्यावर गिटार. पोलिसांची गाडी हळूच बाजूला आली, दिवा तोंडावर पडला. लेमुएलनं हात उघडला, बोटं पसरली, सांगून सवरून पाकीट काढलं. कर्टिसनंही तसंच केलं. पण कर्टिसच्या मोज्यात गांजाच्या दोन सिगारेटी होत्या, कागदात वळलेल्या, करंगळीएवढ्या. तेवढ्यासाठी त्याला तुरुंगात नेलं. परत आला तेव्हा तो कर्टिसच होता, पण कुणी हाक मारली की आधी मागे बघायचा. बस कंपनीत दोघांनी अर्ज करायचा असं ठरलं होतं. लेमुएलला गणवेश मिळाला, कर्टिसला नकार. पुढे तो फ्रेस्नोला गेला, पेट्या उचलायच्या कामाला लागला, गिटार गेलं, बायको गेली, आणि एका हिवाळ्यात तोही गेला. त्याच्या मोज्यात जे सापडलं ते इथं काचेखाली होतं, पिवळ्या उजेडात, नाव लावून. आईलाही आवडला.

लेमुएलनं टोपीची कड मुठीत चुरगाळली. हा राग आहे हे त्याला कळलं, आणि इतका जुना राग इतका ताजा कसा राहिला याचं त्याला नवल वाटलं. ओरेथाला सांगू, त्यानं मनाशी म्हटलं, दुकान बंद होतं. सांगू, तुला चालणारं काही नव्हतं. लगेच तिचं मनगट त्याच्या डोळ्यांपुढे आलं. परवा तिनं बांगडी घातली ती कोपरापर्यंत वर गेली, आणि तिनं ती काढून पेटीत ठेवली. तिच्यासाठी बसायला हवं. पण कर्टिसच्या आईनं शेवटपर्यंत मुलाचा फोटो भिंतीवर लावला नव्हता, लोक काय म्हणतील म्हणून. तिच्यासाठी उठायला हवं. मन असं दोन्हीकडून ओढलं जात होतं, आणि पायांनी परस्पर निर्णय घेतला. तो उठला. कोच आणि टेबलाच्या मधून अंग चोरून निघाला. खोलीत शांतता होती, उजेड मंद होता, लोक ओळीनं बसले होते, आणि त्यांच्या देखत मध्येच उठून जायचं होतं. त्याचा उजवा हात वर गेला. तर्जनी ताठ, बाकीची बोटं मिटलेली, मान खाली, चाल चवड्यांवर. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना उठावं लागलं की लहानपणापासून असंच जायचं: माफ करा, मला निघावं लागतंय, देवाचा आणि तुमचा अपमान करायचा नाही. गांजाच्या दुकानात आपण बोट वर करून चाललोय हे त्याला दारापर्यंत पोचेस्तोवर कळलंही नाही.

"डीकन," मागून बाईचा आवाज आला. "प्रवचन अर्ध्यावर टाकून कुठे निघालात?"

तो वळला. काउंटरच्या टोकाला एक बाई उभी होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, केसांच्या बारीक वेण्या मागे बांधलेल्या. ती हसत नव्हती. तिनंही उजव्या हाताचं एक बोट वर केलं होतं. गोरी पोरं एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. त्यांना यातलं काही कळणं शक्य नव्हतं. लेमुएलनं आपल्या हाताकडे बघितलं, आणि हात पटकन खाली घेतला. "मी डीकन आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. "त्या बुटांनी," ती म्हणाली. "माझी आजी असल्या बुटांत तोंड बघून टोपी नीट करायची. कुठलं चर्च?" त्यानं सांगितलं. "अगं बाई, बेथेल! मी माउंट झायन चर्चची. सातव्या वर्षी हातमोजे घालून दारावर उभी केली होती मला. जांभई दिली की आजीचा चिमटा दंडाला. या इकडे. मी लॅट्रीस. दुकान माझंच आहे, तेव्हा इथून कुणाला उठू द्यायचं ते मी ठरवते."

तो गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. त्या आवाजाचं ऐकायची सवय असावी. "कुणासाठी?" तिनं विचारलं. "स्वतःसाठी आला असतात तर असे पळाला नसतात. माणूस दुसऱ्यासाठी आला की जास्त लाजतो." लेमुएलनं टोपी काउंटरवर ठेवली, परत उचलली. "बायको," तो म्हणाला. पुढचं त्यानं आजवर कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, मुलीपाशीही नाही. चर्चमध्ये लोक विचारायचे, ओरेथाबाई कशा आहेत, आणि तो म्हणायचा, देवाच्या दयेनं बऱ्या आहेत. आता तो या अनोळखी बाईला म्हणाला, "ती जेवत नाही. मी स्वयंपाक करतो, ती वास घेते आणि तोंड फिरवते. माझं वाईट वाटू नये म्हणून कधीकधी घास तोंडात धरून ठेवते, आणि मी वळलो की रुमालात टाकते. तिला वाटतं मला दिसत नाही. ती मेली तर आजारानं नाही मरणार, भुकेनं मरेल, माझ्या टेबलापाशी बसून."   लॅट्रीसनं काउंटरमागच्या मुलीला खूण केली आणि मुलगी त्या पोरांना घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"आणि उठलात कशाला?" तिनं मग विचारलं. त्यानं बरण्यांकडे हात केला. "माझा एक मित्र होता. एवढ्याशासाठी नेला त्याला." त्यानं करंगळी दाखवली. "माझा बाप," ती म्हणाली. "मी तिसरीत होते. शाळेत सांगायचे, बाबा जहाजावर गेलेत." तिनं एका बरणीचं तोंड फडक्यानं पुसलं. "शहरानं नंतर काय केलं, की ज्यांच्या घरातली माणसं यासाठी आत गेली त्यांना दुकानाचा परवाना आधी द्यायचा. उशिरा सुचलेलं शहाणपण. बाप ते बघायला नव्हता. मी ठरवलं, घ्यायचा. राग येतो का? येतो. रोज सकाळी कुलूप उघडताना येतो. मग दहा वाजता कुणाची तरी म्हातारी येते, गुडघे दुखतात म्हणत, आणि मला काम असतं." लेमुएल ऐकत राहिला. त्याचा राग काही गेला नाही. राग फक्त मनातल्या बाकावर थोडा सरकून बसला आणि शेजारी आणखी कुणाला जागा झाली, इतकंच. ओरेथाच्या हाताखाली चर्च भरायचं तेव्हा लोक असेच सरकायचे.

लॅट्रीसनं सगळं नीट विचारलं. बाकीची औषधं कुठली, नर्सला माहीत आहे ना, बाईंना चक्कर येते का. मग एक छोटी डबी काढली. आत मऊ, चौकोनी, साखर लावलेल्या गोळ्या, पीचच्या चवीच्या. "अर्धी," ती म्हणाली. "एवढीच. मग वाट बघायची. काही होत नाही म्हणून उरलेली घ्यायची नाही, बायका घाई करतात. बसल्या जागी द्यायची आणि तुम्ही जवळ थांबायचं. भूक लागेलच असं वचन मी देत नाही. कुणाला लागते, कुणाला नुसती झोप लागते." "आणि झोपच लागली तर?" "तर झोपू द्या. उद्या परत यायचं, दुसरं काही बघू. पण येताना हा सूट नको, माझी पोरं घाबरतात." लेमुएल हसला. आपल्याला हसू आलं याचं त्याला घटकाभर अपराध्यासारखं वाटलं, मग नाही वाटलं. बसमध्ये मात्र त्यानं ती पिशवी टोपीखाली झाकून मांडीवर धरली. जुन्या सवयी एका दुपारी जात नाहीत.

घरी ओरेथा स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसली होती, डोक्याला निळा रुमाल, अंगावर शाल. "कुणी बघितलं?" तिनं विचारलं. "सगळ्यांनी," लेमुएल म्हणाला. "मला सरकारी साहेब समजले." तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यानं सुरीनं गोळी अर्धी केली आणि बशीत घालून तिच्यापुढे ठेवली. तिनं हात पुढे केला आणि थांबली. "काय झालं?" "प्रार्थना," ती म्हणाली. या घरात प्रार्थनेशिवाय काही तोंडात जात नसे, पाव नाही की पाणी नाही. पण याच्यावर काय म्हणायचं? दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि डोळे मिटले. तिच्या बोटांची हाडं त्याला एकेक करून लागत होती. "देवा," शेवटी ओरेथाच म्हणाली, "हे काय आहे ते तुला माहीत आहे. तूच उगवलंस. मी याला आजवर जे जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच, पण आज जरा मनावर घेऊ नकोस. आमेन." आणि तिनं अर्धी गोळी जिभेवर ठेवली.

मग वाट बघणं. लेमुएल कोट काढून बसला. तिनं विचारलं म्हणून त्यानं लॅट्रीसचं सांगितलं, तिच्या आजीचं, बोट वर केल्याचं. "गांजाच्या दुकानात?" ओरेथा म्हणाली, आणि तिचे खांदे हलायला लागले. तिला हसताना त्यानं कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मग त्यानं कर्टिसचं सांगितलं, आणि ती हसायची थांबली. "मी त्याच्या आईशी नीट वागले नाही," ती म्हणाली. "सगळेच तसे वागलो." तो म्हणाला, "हो." ऊन भिंतीवरून खाली उतरलं. ओरेथा म्हणाली, "काही होत नाहीये, लेम. फसवलं तुला तुझ्या त्या मैत्रिणीनं." तो म्हणाला, "असू दे."  सकाळपासून त्यानं स्वतःही काही खाल्लं नव्हतं, म्हणून उठून मक्याच्या रव्याची पेज टाकली, ग्रिट्स, जी तो डोळे मिटूनही करू शकत असे. ढवळत राहिला. पाठीमागे खुर्ची किंचित करकरली. तो वळला नाही. वळलं की तिला खाण्याचं सोंग करावं लागतं, हे आता त्याला माहीत होतं. त्यानं एक वाटी आपल्यापुढे घेतली, दुसरी उगाच तिच्यापुढे ठेवली, रोज ठेवायचा तशी, आणि खाली मान घालून खायला लागला.

चमच्याचा आवाज झाला. मग काही नाही. मग परत चमच्याचा आवाज. लेमुएलनं मान न हलवता डोळे तेवढे वर केले. ओरेथा घास तोंडात घोळवत होती, कपाळाला आठ्या घालून, रविवारी कुणी चुकीच्या बाकावर बसलं की पडायच्या तशाच आठ्या. तिचा हात रुमालाकडे गेला नाही. तिनं घास गिळला.

"लेमुएल," ती म्हणाली. "यात मीठ कोण घालणार?"

त्यानं आपल्या वाटीतलं चाखून बघितलं. खरंच नव्हतं. घाबरलेल्या माणसानं पेज केली होती, मीठ राहून गेलं होतं, आणि त्याला स्वतःला ते कळलंही नव्हतं. तिला कळलं होतं. किती आठवडे तिला साखर आणि खिळे सारखेच लागत होते, आणि आता तिला मीठ नाही हे कळत होतं. तो उठला, फळीवरची बरणी काढायला गेला, आणि डोळ्यांपुढे सगळं पाण्यात बुडाल्यासारखं झालं, बरणी कुठली आणि डबा कुठला काही दिसेना. "आणि लोणी कुठंय?" मागून आवाज आला. "बघतोस काय त्या फळीकडे? इतकी वर्षं तिथंच आहे ते मीठ." त्यानं बरणी आणली, चिमूट तिच्या वाटीवर धरली, पण भरल्या डोळ्यांना वाटीचा काठ दिसला नाही आणि अर्धं मीठ टेबलावर गेलं.

"सांडू नकोस," ओरेथा म्हणाली, आणि मीठ ढवळायची वाट न बघता तिनं पुढचा चमचा तोंडात घातला.